रिकामं म्हणजे नाही नव्हे

माझ्या साडूंइतका चारचौघांना नकोसा होणारा आणि त्यांच्याइतका खरा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते हयात होते तोवर मी या वाक्याचा पहिला अर्धाच बोलत असे, आणि तो ऐकून लोक हसत. दुसरा अर्धा तोंडातून निघायला त्यांचं तेरावं होऊन जावं लागलं. सेलूत, परभणीत, ताडकळसच्या बाजारात अजूनही कुणी त्यांचं नाव काढलं की दोन गोष्टी निघतात. एक, माणूस लय तऱ्हेवाईक होता. दुसरी, पोरीचा आजार लपवून त्याने तिचं लग्न लावलं. पहिली गोष्ट खरी आहे आणि ती मी आधी सांगतो, कारण ती सांगताना मला अजूनही मजा येते. दुसरी खोटी आहे. आजार त्यांनी लपवला नाही. मी लपवला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सेलूच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचे. संगणकातलं बाकी सगळं त्यांना बिनकामाचं वाटे; त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता. माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना तिचा अर्थ वाटेत सांडू नये, म्हणून तिला खुणा कशा बांधायच्या. एचटीएमएल, एक्सएमएल ही नावं ते जवळच्या सोयऱ्यांसारखी घेत. त्यातही एक्सएमएलवर विशेष माया. त्यात म्हणे माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर खूण लावायची, तिला टॅग म्हणायचं: इथून नाव सुरू, इथे नाव संपलं, इथून गाव सुरू, इथे गाव संपलं. मी एकदा म्हणालो, "साडूभाऊ, नाव कोणतं आणि गाव कोणतं हे बघणाऱ्याला कळतंच की." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमाला कळतंय, भाऊ. पण पूर्णा म्हणलं तर नदी हाय, का तालुका हाय, का कुणाची बायको हाय, हे मशीनला कुणी सांगावं? तुमी जाणार हाव का सांगायला?" मी कुठेच जाणार नव्हतो. मी चहा प्यायलो.

हे वेड कॉलेजात राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण ते घरात, आणि घरातून थेट स्वयंपाकघरात आलं. माझ्या मेहुणीच्या मांडणीवरच्या प्रत्येक डब्यात, झाकणावर नव्हे, आत, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली चिठ्ठी असे: 'साखर', 'बेसन', 'मोहरी'. झाकणावर का नाही असं विचारलं की म्हणत, "झाकणं अदलाबदल व्हतेत. डब्यात काय हाय ते झाकण सांगणार, अन् हे झाकण याच डब्याचं हाय हे कोण सांगणार? चिठ्ठी मालासंगं पाहिजे." त्याहून पुढचा नियम असा की डबा रिकामा झाला तरी चिठ्ठी काढायची नाही. "चिठ्ठी हाय अन् साखर न्हाई, म्हणजे साखर संपली. चिठ्ठीच न्हाई म्हणलं तर या घरात साखर कधी नव्हतीच असं व्हतंय." मेहुणी कपाळाला हात लावून आमच्याकडे बघे. "ताई, मला माहीत हाय माझ्या घरात साखर व्हती ते. ह्यांच्या मशीनला सांगून काय करू?" एका दिवाळीत माझ्या ताटातल्या वरणातून 'तूरडाळ' अशी चिठ्ठी निघाली. मी ती गुपचूप ताटाच्या कडेला काढून ठेवली. साडूंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघा," ते म्हणाले, "शेवटपर्यंत संगं आली."

ते तारीखसुद्धा साल आधी, मग महिना, मग दिवस अशीच लिहीत. जगभरात एकच तारीख एकाच रीतीने वाचली जावी म्हणून ठरलेली पद्धत आहे ती, असं ते सांगत. जग मानत असेल, सेलूची बँक मानत नव्हती. चेक परत येत आणि ते तो परत आलेला चेक घेऊन काउंटरवर व्याख्यान देत. त्यांना "कसं काय, बरंय ना?" असं विचारायची चोरी. "कशाच्या मानानं?" असा उलट प्रश्न येई. हॉटेलात मी "साखर कमी" म्हणालो तर ते वेटरला थांबवून मला विचारत, "कमी म्हणजे किती? त्यानं तुमाला कालचा चहा दिलेला न्हाई." एखाद्या लग्नाला गेले तर लोक आहेर देऊन जेवायच्या पंगतीला बसत, हे मांडवाच्या दारात पत्रिका वाचत उभे, त्यातल्या निमंत्रकांपैकी कोण कुणाचा काका हे पत्रिकेवरून सिद्ध होत नाही अशी तक्रार करत. लोक त्यांना टाळत. मीही टाळत असे. रेल्वेने नांदेडकडे जायचं असलं आणि ते सोबत असले तर मी नांदेडच्या अलीकडच्या चुडाव्यापर्यंत झोपेचं सोंग घेई.

आता मंडळाचं सांगायला हवं. मी निवृत्त झाल्यावर आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचा अध्यक्ष झालो. परभणी, सेलू, गंगाखेड, ताडकळस, जिथे तिथे वेगळी वही आणि वेगळी रीत. उंची कुणी 'पाच-चार' लिही, कुणी सेंटिमीटरमध्ये, एकाने 'मध्यम' आणि एकाने 'आईसारखी' असं लिहिलं होतं. शेतीच्या रकान्यात 'आहे, पण भावात'. नोकरीच्या रकान्यात 'लागेल'. ताडकळसचे आमचे प्रतिनिधी म्हणजे एक निवृत्त गुरुजी. ते सगळ्या पोरापोरींची माहिती कागदावर लिहून मोबाइलवर त्याचा फोटो पाठवत, तोही बऱ्याचदा उलटा. ही दशा पाहून मीच साडूंना म्हणालो, तुमची विद्या इथे लावा. माणूस इतका खूश झाला की त्या रात्री जेवलाच नाही, असं मेहुणी म्हणाली. त्यांनी सगळ्या गावांसाठी एक साचा बांधला. कोणत्याही गावात भरलेली माहिती दुसऱ्या गावच्या संगणकाला जशीच्या तशी कळावी असा. मला त्यात माहिती कशी भरायची, कशी पाठवायची, चुकलेली फाईल उघडून टॅग कसे बघायचे, हे सगळं त्यांनी शेजारी बसून शिकवलं. हे शिकवलेलं पुढे कशाला कामी आलं ते येईलच.

साच्यावरून पहिल्याच बैठकीत भांडण झालं. साडूंचा आग्रह असा की 'नाही' आणि रिकामं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नाही' म्हणजे विचारलं आणि नाही असं उत्तर आलं. रिकामं म्हणजे अजून विचारलंच नाही, किंवा विचारलं पण उत्तर आलं नाही. गुरुजी वैतागले. "अवो सर, रिकामं म्हणजे न्हाईच की!"

"गुरुजी, तुमी नातवाला विचारलं, नापास झालास का. तो गप बसला. काय लिहाल तुमी, न्हाई?"

"गप बसला तर हो लिहीन मी!"

सगळी बैठक हसली. साडू हसले नाहीत. "हेच तर म्हणायलोय," ते म्हणाले. "तुमच्या मनचं लिहू नका. त्यानं सांगेपर्यंत रिकामं ठेवा."

आणखी दोन नियम त्यांनी घातले. प्रत्येक माहितीच्या शेवटी 'भरणारा' म्हणून एक रकाना. तो रिकामा चालत नसे, नाव टाकल्याशिवाय साचा पुढे सरकतच नसे. आणि चुकलेलं खोडायचं नाही. चुकीच्या खाली दुरुस्ती लिहायची, आणि ज्याने चूक केली त्यानेच ती लिहायची. दुसऱ्याने परस्पर दुरुस्त केलं तर त्यांच्या मते ती दुसरी चूक.

त्यांची मुलगी लग्नाची झाली. तिला लहानपणी फेफरं यायचं. औषधं चालली, पुढे झटके थांबले, डॉक्टरांनी औषधही बंद केलं. पोरगी हुशार, लॅब टेक्निशियनचं शिकलेली. साडूंनी तिची माहिती भरली ती अशी: आजार होता, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, औषध बंद कधी केलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि खाली 'भरणारा: वडील'. एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. आमच्या चारही गावांतून त्या माहितीला उत्तर आलं नाही. मग एका मोठ्या शहरातल्या मंडळाशी आम्ही जोडून घेतलं. त्यांच्याकडे स्थळं पुष्कळ, पण साचा त्यांचा वेगळा. त्यात आजाराला दोनच चौकटी: हो किंवा नाही. साडूंची फाईल मी मंडळातून पाठवली की त्यांचा संगणक ती 'अमान्य' म्हणून परत करी.

"मग हो लिहा," मी म्हणालो.

"हो म्हणजे आज हाय. आज न्हाई तिला."

"मग नाही लिहा."

"न्हाई म्हणजे कधीच नव्हता. दोन चौकटींत माझी पोरगी बसत न्हाई, भाऊ. त्यांना म्हणा, चौकट बदला." आणि त्या शहरातल्या मंडळाला ते ईमेल लिहायला लागले. तपशीलवार, मुद्देसूद, साच्यात काय बदल हवा त्याच्या नमुन्यासह. उत्तर येत नव्हतं. इकडे मेहुणी माझ्या बायकोजवळ येऊन रडायची. "ताई, ह्यांच्या टॅगापायी पोरगी घरात बसायची माझी." बायको मला म्हणाली, "तुमी अध्यक्ष हाव ना? मग?"

मी फाईल उघडली. आजाराच्या ओळी काढल्या, तिथे 'नाही' लिहिलं आणि पाठवली. संगणकाने 'मान्य' म्हटलं. 'भरणारा' या रकान्याला मी हात लावला नाही. तिथे साडूंचं नाव तसंच राहिलं. ते बदलायला विसरलो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. विसरलो नव्हतो. तिथे माझं नाव दिसलं असतं तर पाहुण्यांनी विचारलं असतं, बाप का भरत नाही?

स्थळ आलं. चांगलं होतं. आणि साडूंचा समज असा झाला की त्यांच्या ईमेलांना यश आलं. सेलूच्या स्टँडवर मला मिठी मारायचेच बाकी होते. "बघा भाऊ, पटलं त्यांना. चौकट बदलली!" मी म्हणालो, "हो." कॉलेजात त्यांनी पोरांना हा किस्सा सांगितला, की धीराने समजावलं तर कुणीही सुधारतं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी पाहुण्यांना एवढंच विचारलं, "माहिती सगळी वाचली ना?" पाहुणे म्हणाले, "सगळी वाचली." "काही शंका?" "काही नाही." साडूंचे डोळे भरून आले, एवढ्या मोठ्या मनाची माणसं त्यांनी पाहिली नव्हती. दुसरा कुणी बाप असता तर तोंडाने पुन्हा एकदा बोलला असता. पण त्यांचं तत्त्व आडवं आलं. लिहून दिलेलं पुन्हा तोंडी सांगितलं की एका माहितीच्या दोन प्रती होतात, आणि दोन प्रती झाल्या की त्यांत फरक पडतोच, असं ते शिकवत. मी समोर पोहे खात बसलो होतो. त्या पोह्यांची चव मला अजून आठवते, चांगले झाले होते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरच्या शेजारी एका लेकराला झटका आला. घरची माणसं कांदा आणायला, चप्पल आणायला धावत सुटली. आमच्या पोरीने लेकराला कुशीवर वळवलं, आजूबाजूचं सामान बाजूला केलं, तोंडात कुणाला काही घालू दिलं नाही. लेकरू शांत झालं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. सासूने विचारलं, "तुला गं कसं एवढं माहीत?" ती सहज म्हणाली, "मलाच यायचं ना लहानपणी. बाबांनी लिहिलं होतं की."

महिन्याभरात सासरचे लोक परभणीला मंडळाच्या हॉलमध्ये आले. जावयाच्या काकांनी छापलेला कागद टेबलावर टाकला. "आजार: नाही. खाली तुमचं नाव आहे. हे तुम्हीच भरलं ना?" साडूंनी चष्मा लावून कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, सवयीप्रमाणे. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. साडू म्हणाले, "नाव माझं हाय."

एवढंच बोलले. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाने तेव्हाही खोटं सांगितलं नाही; नाव त्यांचंच होतं. काकांनी मग जे बोलायचं ते बोलून घेतलं, पोरीसमोर, मेहुणीसमोर. बाहेर पडल्यावर मी त्यांच्या मागे गेलो. "साडूभाऊ, तुम्ही का नाही..." ते थांबले, पण वळले नाहीत. "मंडळाचा अध्यक्ष माहिती बदलतो असं झालं, तर त्या साच्यातल्या सगळ्या पोरींची माहिती खोटी ठरंल. लोक कुणाचंच मानणार न्हाईत. एक बाप खोटा निघाला तर एकच निघतो." आणि ते रिक्षात बसून गेले.

त्यांचा हिशेब चुकला. बापच खोटा तर त्याचा साचा काय खरा, असं म्हणून चारही गावांनी तो सोडून दिला. गुरुजींचे उलटे फोटो पुन्हा सुरू झाले. मुलगी परत आली, रीतसर सोडचिठ्ठी झाली. मी अध्यक्ष राहिलो. मागच्या वर्षी मेळाव्यात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. साडूंना कुणी बोलवायचं बंद झालं. आमचं जाणंयेणं राहिलं, बहिणी-बहिणींचं नातं ते. ते माझ्याशी बोलत, पण फक्त विचारलं तेवढंच. मी कधी काही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याच्या पंगतीत गुरुजी माझ्या शेजारी बसून म्हणाले, "माणूस लय चोख, अध्यक्षसाहेब. पोरीपायी घसरला तेवढा." वाढपी आला होता. मी म्हणालो, "बुंदी थोडी."

त्यानंतर मात्र मला झोप लागेना. पंधरवड्याने सेलूला गेलो. मुलगी आता तिथेच एका लॅबमध्ये आहे. रक्ताच्या नळीच्या टोपणावर नाव लिहू देत नाही म्हणे कुणाला, नळीवरच लिहायला लावते. ती आणि मेहुणी घरी होत्या. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, सगळं, पोह्यांपर्यंत. मेहुणीने पदर तोंडाला लावला. तिने मला बदलायला सांगितलं नव्हतं, पण बदललं हे ऐकून तिला नवलही वाटलं नाही. मुलगीच बोलली.

"माहीत हाय, काका. बाबांच्या मशीनवर खरं व्हतं. तिकडं गेलं ते खोटं. मधी तुमीच व्हते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बाई?"

"मी मांडणार व्हते सगळ्यांपुढं. बाबा म्हणले, तू नको. ज्यानं बदललं त्यानंच लिहायचं."

मी म्हणालो की मंडळाच्या जुन्या संगणकावर ती माहिती अजून आहे, मी आजच खाली दुरुस्ती लिहितो, 'भरणारा' म्हणून माझं नाव घालतो. ती पहिल्यांदा थोडी चिडली. "ती फाईल कोण उघडतंय आता? लोक वाचतेत तिथं लिहा." म्हणून हे लिहिलं. यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते माझं आहे; भरणारा मीच.

निघताना मेहुणी म्हणाली, चहा तरी घेऊन जा. तिने आधण ठेवलं, मांडणीवरचा डबा काढला, उघडला आणि आत पाहत राहिली. डब्यात नुसती चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरातली. पोरगी म्हणाली, "आई, मी आणते," आणि पायात चपला घालायला लागली. तिच्याकडे न बघताच मी विचारलं, जे साडूंना विचारायला हवं होतं ते. "ते माझ्याबद्दल काही बोलायचे का गं? मी कधी कबूल होणार नाही, असं?"

"आई विचारायची की दर दिवाळीला, भाऊ बोलले का म्हणून," ती दारातून म्हणाली. "बाबा न्हाई असं कधीच म्हणले न्हाईत. म्हणायचे, अजून रिकामं हाय."

मग ती साखर आणायला गेली, आणि आम्ही दोघं उकळत्या पाण्याकडे बघत बसून राहिलो.